कॅन्सरचं औषध सापडलेले गृहस्थ

जेवायला बसण्यापूर्वी ते कोपरापर्यंत हात धूत. आधी उजवा, मग डावा, मग बोटांच्या बेचक्या, आणि शेवटी दोन्ही हात वर धरून पाणी कोपरावरून निथळू द्यायचं. टॉवेल नाही. मग तसेच हात हवेत धरून ते टेबलाशी येत आणि मला म्हणत, "अहो, झाकण काढा." आमचा दोघांचा डबा एकाच बाईंकडून यायचा. घरमालकाच्या भाजीवरचं झाकण भाडेकरूने का काढायचं, हे मी कधी विचारलं नाही. मी मुकाट्याने काढायची. ती सवय मुळात त्यांची नव्हतीच. ती कॅन्सरवर औषध शोधणाऱ्या एका डॉक्टरची होती, आणि तो डॉक्टर कधी जन्मालाच आला नव्हता.

मी अकोल्याहून पुण्यात आले ती संगणकाचा कोर्स करून. तेव्हा आमच्याकडे संगणक शिकलेल्या पोरापोरींना पुण्याला धाडायची साथच आली होती. सन दोन हजार उजाडलं की जगातले सगळे संगणक बंद पडणार, अशी आमच्या कंपनीच्या साहेबांना धास्ती होती, आणि ते पडू नयेत म्हणून आम्ही दिवसभर तारखा दुरुस्त करत बसायचो. राहायला नारायण पेठेत खोली मिळाली. खाली बुकबाइंडिंगचं दुकान, वर दुसऱ्या मजल्यावर यांच्या दोन खोल्या, माझी एक, आणि मध्ये सामायिक स्वयंपाकघर.

पहिल्या दिवशी मी त्यांना "काका" म्हटलं.

"तुमच्या वडिलांना भाऊ किती?" त्यांनी विचारलं.

"दोन."

"मग तेवढे पुरेत."

तेव्हापासून मी त्यांना काहीच म्हटलं नाही. ते मला "अहो" म्हणत. दूधवाल्याला, बाइंडिंगवाल्याला, खिडकीत येणाऱ्या मांजरालाही "अहो"च म्हणत. मांजरालासुद्धा ते "आपण आता निघावं" असं सांगताना मी ऐकलं आहे.

त्यांची नोकरी होती पिंपरीकडच्या एका कारखान्याच्या कचेरीत. तिथे संगणक आले आणि बरीच माणसं स्वेच्छेने निवृत्त झाली. "इच्छा त्यांची होती, निवृत्ती माझी," असं ते सांगत आणि वर माझ्याकडे बघत, जणू मीच तो संगणक डोक्यावरून वाहून नेला होता. लग्न केलेलं नव्हतं. एक बहीण होती, ती इंदूरला. दिवाळीला तिचा फोन खाली दुकानात यायचा आणि तेवढ्यासाठी हे इस्त्रीचा शर्ट घालून जिना उतरायचे.

खरं वेड नाटकाचं. हौशी मंडळींच्या नाटकांतून त्यांनी उभं आयुष्य काम केलं, पण काम म्हणजे काय, तर हवालदार, पोस्टमन, मुलीकडचा एक पाहुणा. दोन वाक्यं बोलायची आणि विंगेत जायचं. तरी तत्त्व मोठं होतं. "खोटं बोलायला स्टेज आहे," ते म्हणायचे. "तिथे माणसं तिकीट काढून आलेली असतात, त्यांना ठाऊक असतं. घरी कशाला बोलायचं?" आणि खरोखरच ते बोलत नसत. शेजारच्या वहिनींनी नव्या साडीबद्दल विचारलं तर तेही खरं सांगत. वहिनींनी पुढे विचारणं सोडलं. हळूहळू सगळ्यांनीच सोडलं.

प्रमुख भूमिका एकदाच मिळाली. टीव्हीवर एकच वाहिनी होती त्या काळात कुणा दिग्दर्शकाने टीव्हीसाठी एक चित्रपट केला. एक संशोधक, त्याची बायको कॅन्सरने गेलेली, लोक हसतायत, पैसा नाही, आणि हा उंदरांच्या पिंजऱ्यांमध्ये बसून औषध शोधतोय. दिग्दर्शकाला नट नको होता, माणूस हवा होता. तो यांना म्हणाला, "अभिनय अजिबात करू नका. कात्रजच्या सर्पोद्यानात जा आणि अजगर बघा. तो काही करत नाही, तरी आपण त्याच्याकडेच बघत राहतो." हे गेले. हात धुणं एका प्रयोगशाळेत जाऊन शिकून आले. पैसे वाचावेत म्हणून डॉक्टरच्या घराचे प्रसंग यांच्याच घरी घेतले. शेवटच्या दृश्यात डॉक्टर गॅलरीत येतो, हातात बाटली, आणि "सापडलं" एवढंच म्हणतो. मागे रस्ता दिसतो आणि खालच्या बाइंडिंगच्या दुकानाची पाटी दिसते.

"शेवट चुकीचा होता," ते मला सांगत. "मी त्यांना म्हटलं होतं, सापडू देऊ नका. ते म्हणाले, प्रेक्षक टीव्ही फोडतील."

चित्रपट एकदा दाखवला गेला आणि विसरला गेला. मग गल्लोगल्ली केबल आली. केबलवाल्यांना दिवसभर काहीतरी दाखवायचंच होतं. हाताला लागेल ती कॅसेट ते लावत. या कॅसेटची सुरुवात कुठल्याशा मशीनने चावून टाकली होती, म्हणजे नावं गेली. शेवट यायच्या आत साड्यांच्या दुकानाची जाहिरात सुरू व्हायची, म्हणजे 'समाप्त'ही गेलं. त्या कॅसेटची कॉपी, कॉपीची कॉपी, असं करत ती पार आमच्या वऱ्हाडापर्यंत पोचली. आता बघणाऱ्याला काय दिसायचं? नाच नाही, गाणं नाही, एक माणूस मान खाली घालून काम करतोय, आणि एके सकाळी पुण्यातल्या एका गॅलरीत उभा राहून सांगतोय की औषध सापडलं. अभिनय करू नका म्हटलं होतं ते त्यांनी इतकं मनावर घेतलं की लोकांना तो अभिनय वाटलाच नाही.

लोक यायला लागले. बाइंडिंगच्या दुकानाची पाटी शोधत यायचे. बाइंडिंगवाले हातातला खळीचा ब्रश खाली न ठेवता सांगत, "वर, दुसरा मजला. चपला आत न्या, चोरीला जातात." कुणाच्या हातात फाइल, कुणाच्या एक्स-रे. दारावर पाटी नव्हती, नावाचीसुद्धा. मी एकदा सुचवलं होतं की "येथे औषध मिळत नाही" असं तरी लिहा. ते म्हणाले, "पाटी लावली की माणसं वाचत उभी राहतात, आणि वाचून झालं की बेल दाबतात."

आलेल्या प्रत्येकाला ते आत बसवून सांगत. "मी नट आहे. ते खोटं होतं. तुम्ही दवाखान्यात जा." काही खजील होऊन जात. काही चिडत. पण सगळ्यांना ते चहा देत. मागून माझ्याकडे तक्रार करत की, दुपारची झोप गेली, साखर पुरत नाही. एकदा महापालिकेने खांबांवरच्या केबलच्या तारा कापल्या आणि बरेच दिवस कुणी आलं नाही. तेव्हा मात्र दुपारभर ते गॅलरीत उभे असायचे. दूध तेवढंच घ्यायचे. संध्याकाळी त्या दुधाचं दही लावायचे आणि दह्याचं काय करायचं हे त्यांना कळत नसे.

दर रविवारी ते कात्रजला अजगर बघायला जात. चित्रपट संपला तरी ते जाणं संपलं नाही. मी एकदा सोबत गेले. काचेपुढे ते हाताची घडी घालून उभे. मी एक कणीस खाऊन संपवलं, दुसरं घेतलं.

"कंटाळा नाही येत तुम्हाला?"

"त्याला येत नाही." मग म्हणाले, "मला वाटतं तो ओळखतो मला." आणि लगेच घसा साफ करून, "अर्थात हा मूर्खपणा आहे. मध्ये काच आहे."

मग एके दिवशी नवरा-बायको आले. मूर्तिजापूरकडचे, म्हणजे आमच्याच बाजूचे. नवरा शाळेत शिपाई, गरीब माणूस. बाई ठाम. तिच्या छातीत गाठ होती. इथल्या दवाखान्यात सगळं तपासून झालं होतं, सोमवारी ऑपरेशनला बोलावलं होतं, आणि बाई जायला तयार नव्हती.

"मी चाकू लावू देनार नाही," ती म्हणाली. "ज्यानं औषध काढलं त्याच्याच हातचं घेईन."

यांनी नेहमीचं सांगितलं. नट, खोटं, दवाखाना. बाई हसून मान हलवत राहिली.

"हाव, हाव. टीवीतबी तुमी आदी नाहीच म्हन्लं होतं सगळ्यायले."

हे खरं होतं. चित्रपटात तसा प्रसंग होता. यांनी कारखान्याचं ओळखपत्र दाखवलं. बाई म्हणाली, "सरकारनं लपवून ठेवलं असन तुमाले." मी माझ्या परीने वऱ्हाडीतून समजावलं. ती माझ्याकडे मी यांची कंपाउंडर असल्यासारखी बघत होती. तेवढ्यात डबा आला. हे सवयीने उठले, मोरीत गेले आणि कोपरापर्यंत हात धुऊन, हात वर धरून बाहेर आले. बाईने नवऱ्याला कोपराने ढोसलं. "पाहा," ती म्हणाली. "हात तर तसेच धुते."

ते जागच्या जागी थांबले. पाणी फरशीवर ठिबकत होतं. मी झाकण काढायचं विसरले.

नवरा उठून मला जिन्यापाशी घेऊन गेला आणि भिंतीकडे तोंड करून रडायला लागला. "ताई, तुमी आपल्याकडच्या. सांगा ना त्यायले. सोमवार गेला का मंग हे घरी चालली जाईन. मंग काहीच नाही." मी आत आले तेव्हा हे खोलीत नव्हते. कपाट उघडल्याचा आवाज आला. डांबरगोळ्यांचा वास आला. आणि मग ते आले, चित्रपटातल्या पांढऱ्या कोटात, चष्मा नाकावर खाली.

चेहरा तोच होता, पण माणूस वेगळा होता. बाईच्या समोर खुर्ची ओढून बसले. रिपोर्ट मागितले, खिडकीकडे धरून पाहिले. त्यांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, हे मला माहीत होतं, आणि तरी मी श्वास रोखून बघत होते.

"औषध आहे माझ्याकडे," ते म्हणाले. "पण गाठ असताना ते चालत नाही. आधी गाठ काढून यायची. दवाखान्यात सांगतील ते सगळं करायचं, केस गेले तरी करायचं. मग माझ्याकडे यायचं. येशील ना?"

कुणालाही "तू" म्हणताना मी त्यांना पहिल्यांदा ऐकलं.

"येईन, डाक्टर," बाई म्हणाली, आणि त्यांच्या पाया पडली.

ऑपरेशन नीट झालं. नवऱ्याने खाली दुकानात फोन करून निरोप दिला. मी पेढे आणले. यांनी पेढा हातात घेतला आणि तसाच बशीत ठेवला. "ती येणार," ते म्हणाले. तेव्हापासून बेल वाजली की त्यांचा चेहरा उतरायचा. पूर्वी ज्या बेलची वाट बघायचे तिचीच आता धास्ती घेतली. मी म्हटलं, "त्यात काय एवढं? साखरेचं पाणी द्या बाटलीत घालून. तिचा जीव शांत होईल."

"अहो," ते म्हणाले, "रिकाम्या कपातून चहा पितात तो स्टेजवर. घरी नाही पीत."

ती आली. डोक्यावर पदर घट्ट लपेटलेला, खाली केस नव्हते. खूप वाळली होती, पण चेहरा उजळलेला. सोबत घरच्या तुरीच्या डाळीची पिशवी, "डाक्टरसाठी". ती बसली आणि तिने नुसता हात पुढे केला. काही मागितलं नाही. सांगितलेलं सगळं करून आलेल्या माणसाने करावा तसा हात पुढे केला.

त्यांनी तिच्यापुढे चहा ठेवला. मग आतून एक पाकीट आणलं. त्यातले फोटो त्यांनी मलाही कधी दाखवले नव्हते. हवालदाराच्या टोपीतले ते. पोस्टमनच्या पिशवीसकट ते. फेटा बांधून मुलीकडच्या पाहुण्यांत तिसरे ते. आणि पांढऱ्या कोटात, हातात बाटली घेऊन, गॅलरीत ते. सगळे त्यांनी तिच्यापुढे ओळीने मांडले.

बाई एकेक बघत गेली. शेवटच्या फोटोवर थांबली, परत हवालदाराकडे आली. आता तिला कळलं. तिच्या तोंडावरून कळणं सरकत जाताना मला दिसलं, आणि मला तिथून पळून जावंसं वाटलं.

"मंग म्या कोनाच्या भरोशावर सोताले कापू देल्लं?" ती म्हणाली.

ओरडली नाही. खरोखर विचारलं. ती उठली. नवरा चप्पल शोधत होता, तोवर ती जिना उतरून गेलीसुद्धा. चहावर साय धरली होती. डाळीची पिशवी मागे राहिली.

त्या डाळीला त्यांनी मला हात लावू दिला नाही. "ती डॉक्टरला आणलेली आहे," म्हणाले. पुढे तिच्यात किडे झाले तरी पिशवी फळीवरच होती. त्या बाईचं पुढे काय झालं, मला ठाऊक नाही. त्यांनाही कधी कळलं नाही. तिचं गाव ठाऊक होतं, पण जाऊन विचारायचं कोण म्हणून?

त्यानंतर सगळं मावळतच गेलं. केबलवर मोठ्या वाहिन्या आल्या, कॅसेटी अडगळीत गेल्या, पाटी शोधत येणारं कुणी उरलं नाही. सन दोन हजारमध्ये एकही संगणक बंद पडला नाही. माझा पगार वाढला, लग्न झालं, आम्ही बाणेरला फ्लॅट घेतला. निघताना मी म्हटलं, "येत जाईन." ते म्हणाले, "कशाला खोटं बोलता?" आणि मला रिक्षापर्यंत पोचवायला आले, जे ते कधीच करत नसत.

बऱ्याच वर्षांनी मला छातीत गाठ लागली. अंघोळ करताना, बोटाला, वाटाण्याएवढी. नवरा कंपनीच्या कामाला अमेरिकेत. मी सगळ्या तपासण्या एकटीने केल्या आणि कुणाला सांगितलं नाही. गाठ वाईट निघाली. लवकर सापडली आहे, काढू या, असं डॉक्टरांनी समजावून सांगितलं, गुरुवार दिला. मी संगणकातली बाई, इंटरनेटवर सापडेल ते सगळं वाचून काढलेलं. मला सगळं समजत होतं, आणि मला जायचं नव्हतं. ऑफिसात बसून मी दवाखान्याला तारीख बदलण्यासाठी फोन करायला घेतला. तो ठेवला, रिक्षा केली आणि नारायण पेठेत उतरले.

ते खूप म्हातारे झाले होते. दार उघडून म्हणाले, "अहो, तुम्ही. बसा."

"गाठ आहे," मी म्हटलं. दुसरं काही म्हणता आलं नाही.

ते माझ्याकडे बघत राहिले. मग मोरीत गेले. पाणी पडल्याचा आवाज बराच वेळ येत होता. मग कपाट वाजलं. डांबरगोळ्यांचा वास आला आणि मी लहान पोरीसारखी रडायला लागले, कारण आता काय होणार ते मला ठाऊक होतं. कोट त्यांना फार ढिला झाला होता. ते समोर बसले. रिपोर्ट खिडकीकडे धरले.

"गुरुवारी जायचं," ते म्हणाले. "औषध आहे माझ्याकडे. पण गाठ असताना ते चालत नाही. आधी गाठ काढून यायची. मग माझ्याकडे यायचं. येशील ना?"

खोटं आहे हे जगात माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

"येईन, डॉक्टर," मी म्हटलं.

आणि गुरुवारी गेले. ऑपरेशन झालं, मग केमो, मग केस गेले, वर्षातला बराच भाग त्यातच गेला. नवरा परत आला होता, त्याने सगळं केलं. पण सलाइन लागलं की मी मनात घोकायची की, हे आटोपून मला एका ठिकाणी जायचं आहे. 'कोनाच्या भरोशावर?' या मूर्तिजापूरच्या बाईच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या पलंगावर मिळालं, पण द्यायला ती कुठे होती?

बरी झाल्यावर स्कार्फ बांधून गेले. बाइंडिंगवाले आता मुलाच्या हाती दुकान देऊन नुसतेच बसून असत. मला बघून म्हणाले, "बरं झालं आलात. हल्ली ते रविवारीसुद्धा कात्रजला जात नाहीत. पेशंट यायची आहे म्हणतात."

वर दार उघडंच होतं. ते कोटात नव्हते. धुतलेला शर्ट, इस्त्री केलेला. टेबलावर फोटो ओळीने मांडून ठेवले होते. हवालदार, पोस्टमन, पाहुणा, डॉक्टर. किती दिवस ते तसे मांडलेले होते कोण जाणे, कडांवर धूळ होती.

"बसा," ते म्हणाले. "तुम्हाला एक सांगायचं आहे. मी डॉक्टर नाही." त्यांनी फोटो माझ्याकडे सरकवले. "नट आहे. मी तुमच्याशी खोटं बोललो."

मी एकेक फोटो उचलून बघितला. घाई केली नाही.

"हवालदार छान झालाय," मी म्हटलं.

ते जमिनीकडे बघत होते. "चहा घेणार?" त्यांनी विचारलं. "का निघालात?"

"घेणार. आणि संपवून दुसरा घेणार."

मोरीत जाऊन त्यांनी हात धुतले, आधी उजवा, मग डावा, कोपरापर्यंत, आणि ओले हात हवेत धरून ओट्याशी जाऊन उभे राहिले.

"अहो," ते म्हणाले, "पातेल्यावरचं झाकण काढा."

मी उठून झाकण काढलं.